चेंडूकडे न बघणाऱ्यांचा वस्ताद

आईने माझी अमेरिकन फुटबॉलची पहिली मॅच पाहिली ती २००६ च्या ऑक्टोबरात, एका गुरुवारी. टेक्ससमध्ये शुक्रवारची रात्र शाळेच्या मोठ्या संघाची असते. आम्ही ज्युनिअर, म्हणून आमच्या वाट्याला गुरुवार. मॅच संपली, गाडीत बसलो, पाच मिनिटं ती गप्प होती. मग म्हणाली, "सगळं बघितलं रे डोळे फाडून. पण तू खेळलास कधी?"

मी आमच्या आक्रमणाचा एकूणएक डाव खेळलो होतो. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात काळेनिळे होते. पण आई चेंडूकडे बघत होती, आणि चेंडू जिथे असतो तिथे मी नसतोच. खरं तर चेंडू त्या दिवशी मीही पाहिला नव्हता. दोन तास मी समोरच्या पोराच्या छातीवरचा ७२ हा आकडा तेवढा पाहिला होता.

मी डावा गार्ड होतो. आता ह्यूस्टनच्याच एका शाळेत गणित शिकवतो आणि फुटबॉल संघाच्या लाइनचा कोच आहे. मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कोणीतरी प्रसादाची वाटी हातात धरून विचारतं, "म्हणजे तू नक्की करतोस काय?" दोन मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकलं तर पुन्हा चार प्रयत्न. आक्रमणाच्या अकरा जणांत मध्यभागी पाच जण खांद्याला खांदा लावून उभे असतात, हीच लाइन आणि हेच लाइनमन: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो आणि क्वार्टरबॅक तो फेकतो किंवा धावणाऱ्याच्या हातात ठेवतो. पुढे फेकलेला चेंडू या पाच जणांनी झेलायचा नाही, असा नियमच आहे. त्यांचं काम एवढंच, की समोरून येणाऱ्या धिप्पाड माणसांनी आपल्या क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद हात लावू नये, किंवा धावणाऱ्याला एक फट मिळावी. फट दीड फुटाची मिळाली तरी चालतं, आणि ती फार वेळ उघडी राहत नाही.

हे पाच जण नसले तर काय होतं ते आमच्या शहराने चांगलं पाहिलंय. ह्यूस्टन टेक्सन्स हा संघ २००२ साली नवा निघाला. त्यांचा कोवळा क्वार्टरबॅक डेव्हिड कार त्या एका हंगामात ७६ वेळा चेंडूसकट जमिनीवर आडवा झाला. एनएफएल या इथल्या व्यावसायिक लीगमधला तो विक्रम आहे, आणि असले विक्रम कोणाला नको असतात. २००५ मध्ये तो ६८ वेळा पडला. त्या वर्षी आम्ही ह्यूस्टनमध्ये नवेच होतो. बाबा टीव्हीसमोर बसून म्हणायचे, "ह्याला सारखा आडवा का करतात रे? ह्याचं काही चुकतंय का?" चुकत होतं त्याच्यापुढच्या भिंतीचं. मला ते तेव्हा कळत नव्हतं, पण लवकरच कळणार होतं.

आम्ही कोल्हापूरचे. बाबांना पाइपलाइनच्या कामात ह्यूस्टनला नोकरी मिळाली आणि २००४ साली, मी तेरा वर्षांचा असताना, आम्ही आलो. आबा, म्हणजे माझे आजोबा, तरुणपणी तालमीतले. मोठे पैलवान नव्हते ते. गावजत्रांमधून नारळावरच्या कुस्त्या खेळलेले, पण सत्तरी उलटली तरी सकाळी तालमीत जाऊन कोपऱ्यात बसणारे. मला त्यांनी आठव्या वर्षीच लंगोट बांधून लाल मातीत उतरवलं होतं. मी गोल, गुबगुबीत, कुठल्याच डावात चपळ नाही. वस्ताद म्हणायचे, "ह्याला पाडायला येत न्हाई, पर ह्यो हालत पन न्हाई." माझ्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचं वर्णन त्या वाक्यात येऊन गेलं होतं.

नववीत असताना शाळेच्या कॉरिडॉरमध्ये एका कोचने मला थांबवलं. दोन बारावीची पोरं मस्ती करत माझ्यावर येऊन आदळली होती, आणि पडली होती ती. कोचने नाव विचारलं, उच्चार करायचा दोनदा प्रयत्न केला, सोडून दिला आणि म्हणाला, "उद्या सकाळी साडेसहाला मैदानावर ये."

मैदानावर त्याने पहिल्यांदा मला उभं केलं ते एका लोखंडी मांडवाखाली. चार-साडेचार फूट उंचीवर छत असलेला पिंजराच तो. त्याच्याखालून वाकून, धावत, समोरच्याला ढकलत बाहेर पडायचं. लवकर ताठ झालास की डोकं छताला आपटणार. अमेरिकन पोरं धडाधड आपटत होती. मी सरळ निघून गेलो. कोचने परत पाठवलं, मी परत तसाच निघालो. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पाय रुंद, गुडघे वाकलेले, पाठ सपाट, मान वर, हा तर पवित्रा होता. एक हात जमिनीला टेकवला की झाला लाइनमनचा पवित्रा.

कुस्तीने दिलं तसं नडलंही. कुस्तीत खडाखडी झाली की मानेवर हात टाकायचा, कवेत घ्यायचं. इथे हात समोरच्याच्या छातीवर, दोन खांद्यांच्या आतच हवेत. बाहेरून धरलंस की होल्डिंग, संघाला दहा यार्डांचा दंड. पुढच्या वर्षी मोठ्या संघात गेलो तेव्हा पंच माइकवरून सांगायचे, "होल्डिंग, ऑफेन्स, नंबर चौसष्ट." सगळ्या स्टेडियमभर घुमायचं. आईला माझा नंबर त्यानेच पाठ झाला. लाइनमनचा उल्लेख माइकवर व्हायचा तो गुन्हा केल्यावरच.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही. आईने एका वर्षात माझे पंधरा किलो वाढवले, ते रोजच्या भाकरीवर आणि रविवारच्या तांबड्या-पांढऱ्यावर. मंडळात इतरांची पोरं रोबोटिक्समध्ये बक्षिसं मिळवत होती आणि हिचा मुलगा दारातून आडवा जायचा. "काय हो, डोकं आपटायचा खेळ तो," असं कोणी म्हणालं की आई फक्त विषय बदलायची.

शेवटच्या वर्षाचा हंगाम २००८ चा. सप्टेंबरच्या १३ तारखेला आइक वादळ आलं, आठवडाभर वीज गेली, सामने रद्द झाले, वेळापत्रकाचं खोबरं झालं. त्या हंगामात माझ्याकडे बघायला एकच कॉलेज आलं, मध्य टेक्ससमधलं छोटंसं, डिव्हिजन थ्रीचं. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. फी भरायची आणि वर मारही खायचा. बाबांना हे गणित शेवटपर्यंत पटलं नाही. मी तिथे गणितच घेतलं, हा त्यातल्या त्यात दिलासा.

तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. धावत्या डावात मी ओढून निघालो होतो, म्हणजे आपली जागा सोडून रांगेमागून दुसऱ्या बाजूला पळत जाऊन तिथला पहिला माणूस उडवायचा होता. मागून आपलाच एक गडी घसरत आला आणि माझ्या पायावर पडला. आवाज मी ऐकला, दुखलं नंतर. शस्त्रक्रिया झाली, नऊ महिने गेले. परत खेळता आलं असतं, पण मी खोलात विचार केला नाही. कंटाळलो होतो, एवढंच.

घरी बसायचं नव्हतं म्हणून लाइन कोचने मला पाटी-खडू सांभाळायला ठेवलं. तो साठीचा, ह्यूस्टन ऑइलर्सच्या जमान्यात वाढलेला. ऑइलर्स १९९६ च्या हंगामानंतर शहर सोडून टेनेसीला गेले, पण त्याच्यासाठी ते गेले नव्हते. कुबड्या घेऊन बसलेल्या मला तो माइक मंचॅकच्या जुन्या फिती दाखवायचा. मंचॅक १९८२ ते १९९३ ऑइलर्सचा गार्ड, नंबर ६३. बारा वर्षं खेळून गुडघ्यांनी जवाब दिला. मग तो कोचिंगमध्ये शिरला आणि १९९७ पासून चौदा हंगाम त्याच संघाच्या लाइनचा कोच राहिला. हॉल ऑफ फेममध्ये २००१ साली गेला तो खेळाडू म्हणून, पण तेव्हाही रोज सकाळी पोरांची पावलं मोजत होता. पुढे तो तीन हंगाम मुख्य कोच झाला, ते फारसं रंगलं नाही, आणि मग पिट्सबर्गला परत लाइनवर आला. तिथे त्याच्या हाताखाली आलेहांद्रो व्हियानुएव्हा घडला. तो वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचा, अफगाणिस्तानात लढून आलेला सैनिक, टॅकल म्हणून कॉलेजात एकच हंगाम खेळलेला. चार वर्षांत प्रो बोलला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, गेला. माझ्या कोचचं म्हणणं असं, की मंचॅकचं खरं काम कोणतं हे बघायचं तर मंचॅकला बघू नकोस, व्हियानुएव्हाचे पाय बघ. पण हे संभाषण खूप पुढचं, फोनवरचं. तेव्हा मी नुसता बसून बघत होतो.

लाइनमन कोच का होतात, याचं एक सरळ कारण आहे. धावणाऱ्याला स्वतःची वाट माहीत असली की पुरतं. गार्डला शेजारचा सेंटर काय करणार, पलीकडचा टॅकल काय करणार, समोरचे कोण कुठे वळणार, हे सगळं त्या अर्ध्या सेकंदात माहीत असावं लागतं. चक नोल १९५० च्या दशकात क्लीव्हलँड ब्राउन्सचा गार्ड होता. तिथले कोच पॉल ब्राउन दर डावाला एक गार्ड बाहेर काढायचे आणि दुसरा आत पाठवायचे, पुढचा डाव क्वार्टरबॅकला सांगायला. निरोप्या गार्ड. नोलने ते काम केलं. सत्ताविसाव्या वर्षी खेळणं सोडलं आणि १९६९ साली पिट्सबर्ग स्टीलर्सचा मुख्य कोच झाला. पहिल्या हंगामात चौदांपैकी एक सामना जिंकला. नंतर चार सुपर बोल, म्हणजे एनएफएलच्या अंतिम लढती, जिंकल्या. त्याहून जुनं उदाहरण व्हिन्स लोम्बार्डींचं, ज्यांच्या नावाची ट्रॉफी सुपर बोल जिंकणाऱ्याला मिळते. ते फोर्डम कॉलेजचे गार्ड. खेळणं संपल्यावर न्यू जर्सीतल्या एका शाळेत लॅटिन, रसायन आणि भौतिकशास्त्र शिकवत होते आणि संध्याकाळी पोरांना खेळवत होते. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, कारण मलाही तेच करावं लागणार होतं.

टेक्ससच्या सरकारी शाळेत फुटबॉलचा कोच व्हायचं तर आधी त्या शाळांचा पूर्णवेळ नोकर असावं लागतं. म्हणजे बहुतेक वेळा शिक्षक. मुलाखतीत मुख्याध्यापक पहिलं विचारतात, "शिकवणार काय?" इतिहासवाले कोच पैशाला पासरी मिळतात. मी गणित म्हणालो आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. बी.एड.सारखं काही मी केलेलं नव्हतं. इथे पर्यायी मार्ग असतो: पदवी असली की एक अभ्यासक्रम आणि विषयाची परीक्षा द्यायची, मग पहिलं वर्ष तात्पुरत्या परवान्यावर शिकवता शिकवता प्रमाणपत्र पूर्ण करायचं. ते केलं. त्याशिवाय आणखी एक परवाना काढावा लागला तो बस चालवायचा, कारण लहान संघांना सामन्याला न्यायची पिवळी बस बऱ्याच ठिकाणी कोचच हाकतात. आबांना फोनवर सांगितलं, तर पलीकडे जरा शांतता, आणि मग, "म्हंजे एश्टीत लागलास व्हय?"

२०१३ च्या ऑगस्टात मला मिळाला सातवीचा ब संघ. बारा वर्षांची पोरं. एक चाळीस किलोचा, एक नव्वदचा, दोघांची पॅन्ट एकाच मापाची. हेल्मेट उलटं घालणारा एक होता. मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या, जर्सी धुवायच्या, कोणाची आई न्यायला आली नाही तर अंधार पडेपर्यंत त्याच्याबरोबर कट्ट्यावर बसायचं. हा भाग सगळे कोच विनोद म्हणून सांगतात. मला तो आवडायचा.

शिकवणं मात्र येत नव्हतं.

मी दिवसभर ओरडायचो, "खाली राहा! खाली राहा!" लाइनमध्ये जो खाली तो जिंकतो हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एक दिवस एका पोराने हात वर केला, अगदी बीजगणिताच्या तासाला करतात तसा. "कोच, खाली म्हणजे कुठून?"

मी उघडलेलं तोंड तसंच राहिलं. कमरेतून? गुडघ्यातून? मी कुठून खाली जायचो? मी हजारो वेळा खाली गेलो होतो, पण कुठून जातो हे कधी बघितलंच नव्हतं. जे अंगवळणी पडलेलं असतं ते जिभेवर येत नाही. रात्री घरी आरशासमोर पवित्रा घेतला. शेवटी फोन पुस्तकांच्या ढिगावर टेकवून स्वतःचा व्हिडिओ काढला आणि हळूहळू पुढे-मागे केला. खालच्या मजल्यावरचा शेजारी वर येऊन विचारून गेला, काय पडतंय सारखं म्हणून. दोन-तीन दिवसांनी उमगलं की वाकणं सुरू होतं घोट्यातून. नडगी पुढे झुकते, गुडघा बोटांच्या वर येतो, मग मांड्या, मग कंबर. कमरेतून वाकणारा पोरगा खाली दिसतो, पण तो ओणवा झालेला असतो. समोरच्याने मानेवर हात ठेवला की तोंडावर पडतो.

त्यानंतर दर आठवड्याला एक एक गोष्ट अशीच अंगातून उपसून काढावी लागली. पहिलं पाऊल सहा इंचांचं. मी ते टाकायचो, पण मोजलेलं नव्हतं. पास अडवताना मागे सरकतो ते कोणत्या पायाने ढकलून आणि कोणत्या पायाने जमीन धरून? हात छातीवर पडतात ते दोन्ही एकदम की एकापाठोपाठ एक? आणि सगळ्यात अवघड ते दोघांनी मिळून अडवणं. गार्ड आणि टॅकल एकाच माणसाला खांद्यांमध्ये दाबून मागे रेटतात आणि मागचा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी, ज्या बाजूने येईल त्या बाजूचा एकजण सुटून त्याच्यावर जातो. सुटायचं कधी? मला विचाराल तर मी म्हणेन, शेजाऱ्याच्या नितंबावरचा भार बदलतो तेव्हा. हे बारा वर्षांच्या पोराला सांगून बघा. हसून हसून पुरेवाट होते त्यांची.

दर जुलैत टेक्ससच्या शालेय कोचांचं मोठं संमेलन भरतं, हजारोंनी येतात. क्वार्टरबॅकवाले नीटस शर्ट घालून व्यासपीठाजवळ. लाइनवाले मागे, दाराजवळ, खाण्याच्या बाजूला. दोन लाइन कोच जेवायला बसले की मिठाच्या आणि मिरपुडीच्या बाटल्या रांगेत उभ्या राहतात आणि सॉसची बाटली लाइनबॅकर होते. मी खरं शिक्षण त्या टेबलांवर घेतलं. कोणीही काहीही लपवत नाही. आपली विद्या चोरून नेण्याइतकी किंमत तिला कोणी देत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

चार वर्षांनी मोठ्या शाळेत आलो, २०१७ साली. पहिला सामना व्हायच्या आधीच हार्वे वादळ आलं. ऑगस्टच्या अखेरीस ह्यूस्टनवर चार-पाच दिवस पाऊस कोसळत होता. मैदान तळं झालं. पाणी उतरल्यावर मुख्य कोचने पोरांना फोन लावले, सरावाला नव्हे, घरं रिकामी करायला. भिंतींचे भिजलेले जिप्समचे पत्रे काढायचे, गालिचे कापून बाहेर ओढायचे, सडका वास येणारे फ्रिज पायऱ्यांवरून उतरवायचे. लाइनची पोरं फ्रिजवर. अरुंद जिन्यात दोघं, एक वर एक खाली, मधे फ्रिज, आणि भार एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो क्षण कोणी न बोलता दोघांना कळत होता. मी खाली उभा राहून बघत होतो. दोन आठवडे घसा कोरडा करून जे मी सांगत होतो ते त्या जिन्यात चाललं होतं. पुढे मैदानावर नुसतं "फ्रिज!" म्हणायचो. अजून म्हणतो, आताच्या पोरांना त्यातलं काही माहीत नसलं तरी.

माझी सगळ्यात मोठी चूक त्याच्या पुढच्या वर्षीची. उजवा टॅकल होता एक, सहा फूट चार इंच, हात लांब, स्वभाव गरीब. सरावात उत्तम आणि सामन्यात कायम अर्धा ठोका उशिरा. क्वार्टरबॅकच्या पुकाऱ्यावर पाचही जण एकदम उठायला हवेत. हा शेजारचा हलला की हलायचा. कधी घाईने आधीच उठायचा, मग पाच यार्डांचा दंड. मी त्याला सुस्त म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. त्याने "येस सर" म्हटलं आणि जादा पळाला.

पालकांच्या भेटीच्या संध्याकाळी त्याची आई आली. मी बोलत होतो आणि तो माझ्याकडे मान वळवून ऐकत होता. ती सहज म्हणाली, "कोच, त्याच्या उजव्या बाजूला उभे राहा. डावीकडून त्याला येत नाही ऐकू." उजव्या टॅकलला क्वार्टरबॅकचा आवाज येतो तो डावीकडून. सरावात शांतता असते, सामन्यात बँड वाजत असतो. त्याच्या फॉर्मवर हे लिहिलेलं होतं. मी वाचलेलं नव्हतं. तीन सामन्यांच्या फितीत तो दर डावाआधी मान किंचित डावीकडे वळवताना दिसत होता, तेही मी पाहिलं नव्हतं. मी त्याच्या पायांकडे बघत होतो.

सोमवारी त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण बोललो होतो सगळ्यांसमोर. मग त्याला सांगितलं, पुकाऱ्याचं सोडून दे, डोळ्याच्या कोपऱ्यातून चेंडू बघ. सेंटरच्या हातातला चेंडू हलला की ऊठ. गोंगाटाच्या स्टेडियममध्ये मोठमोठे संघ हेच करतात. जन्मात पहिल्यांदा मी कुठल्या लाइनमनला चेंडूकडे बघायला सांगत होतो. त्या हंगामात त्याचा पुन्हा एकही दंड झाला नाही, असं लिहायला आवडलं असतं. दोन झाले.

तेव्हापासून शनिवारी सकाळी फिती बघतो त्या वेगळ्या. गोलमागे उंच खांबावर एक कॅमेरा असतो, त्यातून लाइन समोरासमोर दिसते. बाजूच्या कॅमेऱ्यात लाइन म्हणजे नुसता गोळा. प्रत्येक पोरासाठी प्रत्येक डाव तीन-चारदा. पाऊल, हात, शेवट, असे तीन गुण. पण पहिल्या वेळी काहीच मोजायचं नाही, डाव सुरू होण्याआधीचे पाच सेकंद नुसतं बघायचं, कोण काय करतोय. कोण बोटं चोळतोय, कोण शेजाऱ्याकडे बघतोय, कोण पाय सारखे बदलतोय. ६० डाव, पाच पोरं. बायको म्हणते, कुठल्याही सिनेमापेक्षा तू हे जास्त वेळा बघितलंयस.

डोक्याच्या माराबद्दल लिहिलं नाही तर हे सगळं खोटं ठरेल. नोलच्या त्या चार सुपर बोल संघांचा एक आधारस्तंभ म्हणजे सेंटर माइक वेबस्टर. तो २००२ साली पन्नाशीत गेला, तेव्हा त्याच्या मेंदूत बेनेट ओमालू या डॉक्टरांना जे सापडलं त्याला सीटीई म्हणतात. वारंवारच्या धक्क्यांनी होणारी मेंदूची झीज. पुढे २०१७ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दान मिळालेल्या मेंदूंचा अभ्यास छापला: एनएफएलच्या १११ खेळाडूंपैकी ११० जणांत ती झीज होती. ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती त्यांचेच मेंदू जास्त करून आले होते, हे खरं. तरी ११० म्हणजे ११०. आणि लाइनमनला एक मोठा धक्का बसत नाही, दर डावाला छोटा बसतो.

टेक्ससमध्ये २०११ पासून कायदा आहे. शंका आली की पोरगा बाहेर, त्या दिवशी परत नाही, आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय नंतरही नाही. त्याला परत घ्यायचा निर्णय कोचच्या हातात ठेवलेलाच नाही, आणि हे फार शहाणपणाचं झालं, कारण शुक्रवारी रात्री चौथ्या सत्रात माझा मलाच भरवसा नसतो. सरावात पूर्ण अंगावर जाण्याला हंगामात आठवड्याला खेळाडूमागे ९० मिनिटांची मर्यादा आहे. मी त्याच्या अर्ध्यातच भागवतो. आया विचारतात, "सुरक्षित आहे का?" मी नाही म्हणतो. कमी धोक्याचं कसं करतो ते सांगतो आणि थांबतो. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. तो खेळणार का, हे बायकोने विचारलेलं नाही, मीही विषय काढलेला नाही.

२०१९ च्या जूनमध्ये कोल्हापूरला गेलो. आबा तोवर नव्वदीला टेकले होते, पण तालमीत जाणं चालूच होतं, रिक्षाने. मीही गेलो. वस्ताद तेच, आता काठी घेऊन हौद्याच्या कडेला बसलेले. पोरं माती उकरत होती. त्यांनी विचारलं, तिकडं काय शिकवतोस, दाखव. मी फोनवर एक डाव लावला. त्यांना नियम माहीत नाहीत, चेंडू कुठे आहे हे त्यांनी विचारलंही नाही. चष्मा कपाळावर घेऊन फोन नाकाजवळ धरला. मी पाचही जणांची कामं समजावून सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात म्हणाले, "ह्यो डावीकडचा दुसरा. टाचंवर हाय की रं ह्यो. बूट काढ त्याचं, मग कळंल त्याला."

डावा गार्ड. माझीच जागा. तीन महिने मी त्याच्या हातांवर काम करत होतो.

परत आल्यावर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोरांना बूट-मोजे काढून गवतावर उभं केलं. त्याच दिवसांत पंचगंगेच्या पुराचे फोटो फोनवर येत होते, तालमीची गल्ली पाण्यात होती, आणि माझं अर्धं लक्ष तिकडे. इकडे तिसऱ्या मिनिटाला एक टॅकल किंचाळला. लाल मुंग्या. टेक्ससच्या मैदानांवर त्यांची वारुळं दिसत नाहीत, पाय पडल्यावर कळतात. फिजिओबाईंनी त्याच्या पावलाला मलम लावता लावता मला असं काही सुनावलं की पुन्हा अनवाणी हा शब्द मी मैदानावर काढला नाही. कृत्रिम गवतावर तर सवालच नव्हता, दुपारी ते तव्यासारखं तापतं.

मग शाळेच्या कुस्तीच्या कोचकडे गेलो. त्यांची खोली आहे एक, भिंतीपासून भिंतीपर्यंत मॅट, खिडकी नाही, वास तोच. बुधवारी सकाळी चाळीस मिनिटं द्यायला तो तयार झाला, एका अटीवर, की नंतर मॅट आम्ही पुसायची. आता दर बुधवारी नऊ-दहा धिप्पाड पोरं अनवाणी पवित्र्यात उभी असतात आणि मी त्यांच्या टाचांखालून कागदाची पट्टी सरकवून बघत फिरतो. सरकली पाहिजे, पण अडखळत. पहिल्या दिवशी मॅट पुसायला कोणी पुढे येईना, तेव्हा मी बादली उचलली. दुसऱ्या बुधवारी यायला दोन मिनिटं उशीर झाला, तर डावा गार्ड आधीच गुडघ्यांवर बसून कोपरे पुसत होता, सराव सुरू व्हायच्या आधी. मी म्हणालो, अरे, नंतर पुसायची. तो म्हणाला, "माहितेय, कोच. पण पाय उघडे ठेवायचे तर आधीपण पुसलेली बरी."